गोळी बदलायची कोणी, पैसे भरायचे कोणी

"डॉक्टरांनी लिहिलंय तेच द्या, माझा इन्शुरन्स आहे." अमेरिकेतल्या कुठल्याही फार्मसीच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि बहुतेक वाद त्याच्यापासूनच सुरू होतात. कारण यात दोन निराळे प्रश्न एकत्र झालेले असतात. लिहिलेल्या औषधाच्या जागी दुसरं औषध फार्मासिस्ट देऊ शकतो का, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर राज्याच्या फार्मसी कायद्यात असतं. त्या औषधाचे पैसे इन्शुरन्स भरणार का, हा दुसरा. त्याचं उत्तर तुमच्या प्लॅनच्या करारात असतं. कायद्याने "बदला" म्हटलं आणि प्लॅनने "नको" म्हटलं, असंही होतं आणि नेमकं याच्या उलटही होतं. चिठ्ठी डॉक्टरकडून निघून औषधाची पिशवी हातात पडेपर्यंत या दोन गोष्टी कुठे कुठे आडव्या येतात, ते काउंटरच्या आतून जसं दिसतं तसं इथे मांडतो आहे. आमचं काउंटर न्यू जर्सीत आहे, पण चिठ्ठ्या न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातूनही येतात, त्यामुळे शेजारच्या राज्यांचे नियमही हाताखालून जातात.

भारतातून आलेल्या माणसाला फार्मासिस्टने गोळी बदलणं खटकतं, आणि ते स्वाभाविक आहे. तिकडचा कागदावरचा नियम याच्या उलट आहे. औषध नियम १९४५ मधला ६५ (११ अ) सांगतो की चिठ्ठीवर शेड्यूल एच किंवा एक्समधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या यादीतलं, औषध असेल तर त्याच्या जागी दुसरं काहीही देता येत नाही, आतला घटक तोच असला तरीही. अमेरिकेतही १९५० च्या दशकापासून राज्याराज्यांत असेच बदलीविरोधी कायदे होते. १९७० च्या दशकात ते एकेक करून रद्द होत गेले आणि १९८४ पर्यंत सगळ्या राज्यांनी ते काढून टाकले. त्याच वर्षी जेनेरिकला, म्हणजे तोच घटक असलेल्या स्वस्त पर्यायाला, मंजुरी मिळवण्याचा सोपा मार्ग केंद्राच्या कायद्याने खुला केला. आज इथे जेनेरिक देणं हाच नेहमीचा मार्ग आहे. ब्रँड हवा असेल तर तसं सांगावं लागतं.

सांगायचं कसं, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं, आणि शब्दही ठरलेले आहेत. न्यूयॉर्कच्या कागदी चिठ्ठीवर छापलेलं असतं की डॉक्टरने चौकटीत "डी ए डब्ल्यू" (लिहिलं तसंच द्या) लिहिलं नाही तर जेनेरिकच दिलं जाईल. मॅसॅच्युसेट्समध्ये डॉक्टरला "नो सब्स्टिट्यूशन" लिहावं लागतं. टेक्ससमध्ये "ब्रँड नेसेसरी" किंवा "ब्रँड मेडिकली नेसेसरी" लिहायचं, कॅलिफोर्नियात "डू नॉट सब्स्टिट्यूट". आमच्या न्यू जर्सीच्या चिठ्ठीवर बदली चालेल आणि बदली नको असे दोन पर्याय छापलेले असतात आणि डॉक्टरने त्यातल्या एकापाशी सही करायची असते. नियमाचा जोरही सगळीकडे सारखा नाही. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया इथे फार्मासिस्टने स्वस्त जेनेरिक दिलंच पाहिजे. कॅलिफोर्नियात तो देऊ शकतो, पण बदललेलं औषध रुग्णाला मूळ औषधापेक्षा स्वस्त पडत असेल तरच, आणि बदल केल्याचं रुग्णाला सांगून. फार्मासिस्ट ज्या राज्यात बसून औषध देतो त्या राज्याच्या कायद्याने चालतो. म्हणून मॅनहॅटनच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी एडिसनमध्ये भरताना आम्ही न्यू जर्सीचा नियम बघतो.

आता चिठ्ठ्या बहुतेक संगणकावरून येतात. न्यूयॉर्कने २७ मार्च २०१६ पासून ते सक्तीचंच केलं. यातून एक नवा घोळ तयार झाला. इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीत बदलीसाठी वेगळा रकाना असतो. डॉक्टरने त्याला हात लावला नाही तर "बदली चालेल" असं धरलं जातं. कित्येक डॉक्टर तो रकाना तसाच सोडतात आणि खाली मोकळ्या जागेत "ब्रँड ओन्ली" असं टंकतात. मग चिठ्ठीच्या एका भागात होकार आणि दुसऱ्यात नकार असतो. अशा वेळी फार्मासिस्टला फोन करावाच लागतो, आणि डॉक्टरचं ऑफिस उचलेपर्यंत औषध अडकतं. उलटा प्रकारही होतो: सॉफ्टवेअरमध्ये जुन्या चिठ्ठीची नक्कल करताना "बदली नको"ची खूण चुकून सोबत येते. रुग्णाला जेनेरिक चालणार असतं, इन्शुरन्सलाही तेच हवं असतं, पण कायद्याने आमचे हात बांधलेले असतात. डॉक्टरकडून निघण्याआधी नर्सला एवढंच विचारा: बदलीचा रकाना काय म्हणतो?

"बदली चालेल" म्हटल्यावर काय कशाच्या जागी चालतं? त्याचा आधार म्हणजे एफडीएची, केंद्राच्या औषध नियामक संस्थेची, एक यादी. १९८० साली ती पहिल्यांदा निघाली, मुखपृष्ठाच्या रंगावरून तिला सगळे ऑरेंज बुक म्हणतात. त्यात प्रत्येक औषधापुढे एक खूण असते. "ए"ने सुरू होणारी खूण म्हणजे एकमेकांच्या जागी देता येण्यासारखं, "बी"ने सुरू होणारी म्हणजे नाही. रोजच्या गोळ्यांमध्ये "एबी" ही खूण सर्वात जास्त दिसते. ती मिळायला घटक तोच, ताकद तीच, रूप तेच लागतं (गोळी तर गोळी, कॅप्सूल तर कॅप्सूल) आणि रक्तातली पातळी मूळ औषधाशी जुळावी लागते. ही पातळी ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसली पाहिजे असा निकष आहे. त्यावरून "जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असतं" असा समज पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. नुसती सरासरी त्या पट्ट्यात असून भागत नाही. सरासरीभोवतीचा ९० टक्के विश्वासाचा पूर्ण पल्ला आत बसावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी मूळ औषधाच्या अगदी जवळच असावी लागते. एफडीएने १२ वर्षांतल्या २,०७० चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा शरीरात शोषल्या गेलेल्या एकूण औषधातला सरासरी फरक सुमारे ३.५ टक्के निघाला.

खरी अडचण येते ती "सारखंच तर आहे" असं वाटणाऱ्या पण यादीत सारख्या नसलेल्या औषधांची. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट ही नावं जवळची, पण पहिलं दिवसातून दोनदा घ्यायचं आणि दुसरं दीर्घकाळ काम करणारं. डॉक्सिसायक्लिन हायक्लेट आणि मोनोहायड्रेट ही एकाच प्रतिजैविकाची दोन रूपं. प्लॅन एक कव्हर करतो आणि डॉक्टरने दुसरं लिहिलेलं असतं, हे फार वेळा घडतं. फ्लुओक्सेटिनची कॅप्सूल स्वस्त आहे, त्याच ताकदीची गोळी कित्येक पटींनी महाग. या सगळ्यांत ऑरेंज बुकच्या आधारावर अदलाबदल होत नाही, नवी चिठ्ठी लागते. कॅलिफोर्नियासारखं एखादं राज्य औषधाचं रूप बदलण्याची थोडी मोकळीक देतं, तीही रुग्णाला औषध नीट घेता यावं या कारणासाठी.

दम्याच्या पंपाचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. अल्ब्युटेरॉल म्हणजे आपल्याकडचं साल्ब्युटामॉल. २०२० पर्यंत प्रोएअर, प्रोव्हेंटिल आणि व्हेंटोलिन या तिन्हींत औषध एकच होतं, तरी कायद्याने ते एकमेकांच्या जागी देता येत नसत. प्लॅन एकाच ब्रँडचे पैसे भरायचा, चिठ्ठीवर दुसरा असायचा, आणि धाप लागलेला माणूस समोर उभा असायचा. २०२० च्या फेब्रुवारीत प्रोएअरच्या पहिल्या जेनेरिकला आणि एप्रिलमध्ये मुंबईच्या सिप्लाच्या प्रोव्हेंटिल जेनेरिकला मंजुरी मिळाली. तेव्हापासून हे बरंच सुटलं. तरीही आजही चिठ्ठीवर ब्रँड न लिहिता "अल्ब्युटेरॉल एचएफए ९० मायक्रोग्रॅम" एवढंच लिहिलेलं असलं की प्लॅनला जो चालतो तो पंप लगेच देता येतो. दम्याच्या प्रत्येक रुग्णाने डॉक्टरला हे सांगावं.

थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन हे दुसरं नाजूक औषध. यादीत तिच्यापुढे एबी१, एबी२, एबी३ अशा आकडे लावलेल्या खुणा आहेत, आणि आकडा जुळला तरच बदली चालते. यात ब्रँडपेक्षा मोठा प्रश्न असतो तो महिन्यागणिक बदलणाऱ्या उत्पादकाचा. दुकानाच्या घाऊक पुरवठादाराने स्वस्त माल पाठवला की या महिन्यात ल्युपिन, पुढच्या महिन्यात तिसरंच नाव. बाटलीच्या लेबलवर उत्पादकाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते प्रत्येक वेळी वाचा. एकच उत्पादक हवा असेल तर तसं फार्मसीच्या नोंदीत लिहून घ्या आणि औषध संपायच्या आठवडाभर आधी फोन करा, म्हणजे मागवून ठेवता येतं. उत्पादक बदललाच तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासावं. नॉर्थ कॅरोलिनाने अशा औषधांची कायद्यातच वेगळी व्यवस्था केली आहे: वॉरफरिन, लेव्होथायरॉक्सिन, फेनिटॉइन, लिथियम वगैरेंच्या रिफिलमध्ये डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्या संमतीशिवाय फार्मासिस्टने उत्पादन बदलायचं नाही. आमच्या मते हा नियम प्रत्येक राज्यात असायला हवा. थोड्या फरकाने ज्याचं रक्त पातळ होण्याचं प्रमाण बिघडतं किंवा आकडी येते, त्याला महिना महिना वेगळी गोळी देण्यात कुणाचंच भलं नाही.

यादीतली खूण कायमची नसते, हेही लक्षात असू द्या. कॉन्सर्टा या एकाग्रतेच्या औषधाच्या दोन जेनेरिकची खूण एफडीएने नोव्हेंबर २०१४ मध्ये "एबी"वरून "बीएक्स" केली, कारण दिवसाच्या उत्तरार्धात औषध पुरेसं सुटत नसावं अशी शंका होती. कालपर्यंत चालणारी बदली एका दिवसात थांबली.

इथपर्यंत झाला राज्याचा कायदा. आता पैसे.

चिठ्ठी संगणकात घातली की आम्ही प्लॅनला क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, पाठवतो. त्यासाठी कार्डावरच्या चार गोष्टी लागतात: बिन हा आकडा, पीसीएन, ग्रुप नंबर आणि मेंबर आयडी. दवाखान्यात दाखवायचं कार्ड आणि औषधाचं कार्ड कित्येकदा वेगळं असतं. बिन नसलेलं कार्ड आमच्या काही उपयोगाचं नाही. उत्तर काही सेकंदांत येतं. नाकारलं गेलं तर सोबत कोड येतो, आणि पुढचं सगळं त्या कोडवर ठरतं. ७० म्हणजे हे औषध प्लॅनच्या यादीतच नाही. ७५ म्हणजे आधी परवानगी, म्हणजे प्रायर ऑथरायझेशन, हवी. ७६ म्हणजे ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त. ७९ म्हणजे रिफिल लवकर मागितलं. "इन्शुरन्सने नाही म्हटलं" एवढं ऐकून घरी जाऊ नका. कोड आणि त्याखालचा संदेश छापून मागा. ७० वर डॉक्टरला फोन करून पर्यायी औषध विचारणं जलद पडतं, ७५ वर परवानगीचा अर्ज करावा लागतो. यांची गल्लत झाली की आठवडा वाया जातो.

क्लेमसोबत आम्ही आणखी एक आकडा पाठवतो आणि रुग्णाच्या खिशावर सर्वात मोठा परिणाम त्याचाच होतो. त्याला डीएडब्ल्यू कोड म्हणतात, ० ते ९ पर्यंत. ० म्हणजे कुणाचीच खास मागणी नाही. १ म्हणजे डॉक्टरने बदली नाकारली. २ म्हणजे डॉक्टरला बदली चालते पण रुग्णाला ब्रँडच हवा. पिशवीत औषध तेच, पण १ आणि २ मध्ये पैशांचा फरक प्रचंड असतो. समजा ब्रँडची किंमत ३०० डॉलर, जेनेरिकची ४०, आणि जेनेरिकचा को-पे, म्हणजे रुग्णाने भरायचा वाटा, १० डॉलर. कोड २ लागला की बरेच प्लॅन को-पेवर दोन्ही किमतींतला फरक चढवतात: १० अधिक २६०, म्हणजे २७० डॉलर. ब्रँडचा ५० डॉलर को-पे धरणारा प्लॅन असेल तर हिशेब ३१० वर जातो, मग सहसा ३०० या पूर्ण किमतीवर थांबतो, म्हणजे इन्शुरन्स असून नसल्यासारखा. शिवाय हा फरक बऱ्याच प्लॅनमध्ये डिडक्टिबलमध्ये (प्लॅन पैसे भरू लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) किंवा वर्षाच्या खर्चमर्यादेत मोजला जात नाही. आणि हे नीट समजून घ्या की डॉक्टरने "बदली नको" लिहिल्याने फक्त फार्मासिस्ट बांधला जातो. प्लॅन बांधला जात नाही. कोड १ असूनही फरक आकारणारे किंवा वैद्यकीय कारण मागणारे प्लॅन आहेत. मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याच्या, बाबतीत तर केंद्राच्या नियमात काही औषधांसाठी डॉक्टरने "ब्रँड मेडिकली नेसेसरी" असं प्रमाणित करणं लागतं, नुसती राज्याची खूण पुरत नाही.

कोड ९ हा लोकांना सर्वात गोंधळात टाकतो: प्लॅनलाच ब्रँड हवा आहे. ब्रँडच्या कंपनीकडून प्लॅनला सूट परत मिळते, त्यामुळे त्यांच्या हिशेबात महाग ब्रँड स्वस्त पडतो. न्यूयॉर्कच्या मेडिकेडची यासाठी वेगळी यादीच आहे. जेनेरिकचा क्लेम नाकारला जातो, ब्रँड घातला की तो लगेच मंजूर होतो. डॉक्टरला यात काही करावं लागत नाही. फार्मासिस्टच्या लक्षात यावं लागतं, आणि नवा माणूस असेल तर येत नाही. जेनेरिक नाकारलं गेल्यावर "ब्रँड कोड ९ ने टाकून बघता का?" असं विचारायला संकोच करू नका.

आता ७५, म्हणजे प्रायर ऑथरायझेशन. ही परवानगी फार्मसी मागत नाही आणि देतही नाही. आम्ही डॉक्टरच्या ऑफिसला सूचना पाठवतो, अर्ज तिथून जातो, निर्णय प्लॅनचा असतो. अर्जात निदानाचा आयसीडी-१० कोड, औषधाची ताकद, ३० दिवसांना किती, आधी कोणती औषधं घेतली, कधीपासून कधीपर्यंत, आणि ती का थांबवली हे लागतं. बहुतेक नकार औषध चुकीचं असल्यामुळे येत नाहीत. "आधी दोन औषधं घेऊन पाहिली, फरक नाही" असं मोघम लिहिल्यामुळे येतात. नावं आणि तारखा पाहिजेत. आधीची औषधं भारतात घेतली असतील तर प्लॅनच्या संगणकात त्यांचा पत्ताच नसतो. म्हणून भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट सोबत आणा, आणि इथल्या डॉक्टरच्या फाइलमध्ये ते इंग्रजी जेनेरिक नावांनी चढवून घ्या. पहिलं स्वस्त औषध घेऊन बघण्याची अट, म्हणजे स्टेप थेरपी, त्या नोंदीवर पूर्ण होऊ शकते.

निदानाचा कोड किती महत्त्वाचा ते सेमाग्लुटाइडवरून कळतं. ओझेम्पिक आणि वेगोवी यांत घटक एकच. पहिल्याला डिसेंबर २०१७ मध्ये टाइप २ मधुमेहासाठी मंजुरी, दुसऱ्याला जून २०२१ मध्ये वजनासाठी. फार्मासिस्ट एकाच्या जागी दुसरं देऊ शकत नाही, आणि मधुमेहाचं निदान नसेल तर ओझेम्पिकचा अर्ज जवळजवळ नक्की परत येतो. ऑफिसने सवयीने फक्त लठ्ठपणाचा कोड टाकला आणि रुग्णाला मधुमेहही आहे, असं असेल तर दुरुस्त अर्ज पाठवला की काम होतं.

परवानगी मिळाली तरी गोष्ट संपत नाही. ती अनेकदा विशिष्ट ताकदीला आणि प्रमाणाला बांधलेली असते. डोस वाढला की नवा अर्ज. तिला मुदत असते, बहुधा वर्षाची. नोकरी बदलली, प्लॅन बदलला की ती शून्य होते, आणि एच-१बीवर कंपन्या बदलणाऱ्यांना याचा फटका वारंवार बसतो. आणखी एक: मंजुरीचं पत्र तुमच्या घरी येतं, फार्मसीला आपोआप कळेलच असं नाही. पत्र आल्यावर फोन करून "क्लेम पुन्हा टाका" असं सांगा. मंजूर झालेली औषधं केवळ कुणी क्लेम पुन्हा न टाकल्यामुळे शेल्फवर पडून राहतात.

उत्तर किती वेळात यायला पाहिजे, हे प्लॅनच्या जातीवर ठरतं. ओबामाकेअरच्या बाजारातून घेतलेल्या वैयक्तिक प्लॅनमध्ये यादीबाहेरच्या औषधाची विनंती केली तर ७२ तासांत, तातडीची असेल तर २४ तासांत उत्तर द्यावं लागतं. मेडिकेअर पार्ट डी (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्याचा औषधांचा भाग) मध्येही हेच आकडे आहेत, फक्त अपवाद मागितला असेल तर घड्याळ डॉक्टरचं लेखी कारण पोहोचल्यावर सुरू होतं. मेडिकेडला २४ तासांत प्रतिसाद द्यावा लागतो आणि निकड असेल तर ७२ तासांचं औषध मधल्या काळासाठी देता येतं. हे मागितलंच पाहिजे, स्वतःहून कुणी सांगेल याचा भरवसा नाही. नोकरीवरच्या प्लॅनमध्ये केंद्राच्या नियमाने तातडीच्या विनंतीला ७२ तास आणि आधी मंजुरी लागणाऱ्या साध्या विनंतीला १५ दिवस आहेत. नकाराविरुद्ध अपील करायला १८० दिवस मिळतात. तिथेही नकार आला आणि मुद्दा वैद्यकीय असला तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते, त्याला ४ महिन्यांची मुदत.

नोकरीवरच्या प्लॅनबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना फार उशिरा कळते. मोठ्या कंपन्या औषधांचे पैसे बहुधा स्वतः भरतात. कार्डावर नाव असलेली इन्शुरन्स कंपनी फक्त कारभार पाहते. अशा प्लॅनला १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा लागतो आणि राज्याने इन्शुरन्सवर घातलेल्या बऱ्याच अटी लागत नाहीत. तुमच्या राज्याने स्टेप थेरपीला मर्यादा घातल्याची बातमी तुम्ही वाचता, पण तुमच्या प्लॅनला ती बांधत नाही. फार्मासिस्टला मात्र राज्याचा बदलीचा कायदा तसाच लागू राहतो. एचआरला लेखी विचारा की प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड. पहिला असेल तर तक्रार केंद्राच्या श्रम खात्याकडे, दुसरा असेल तर राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे. चुकीच्या दारात गेलेली तक्रार आठवड्यांनी परत येते. सेल्फ-फंडेडमध्ये एचआरचा शब्द बराच चालतो, कारण पैसे त्यांचेच असतात. म्हणून अपिलाची प्रत त्यांनाही द्या.

आईवडिलांसाठी हिशेब वेगळा. ग्रीन कार्डावर आलेल्या, इथे कामाचा इतिहास नसलेल्या पालकांना ६५ वर्षं पूर्ण आणि सलग ५ वर्षं वास्तव्य झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं, आणि त्यासोबत औषधांचा पार्ट डी. पार्ट डीमध्ये यादीतल्या औषधांवर स्वतःच्या खर्चाची मर्यादा २०२५ साली २,००० डॉलर होती, २०२६ साठी २,१०० आहे, आणि इन्सुलिनचा को-पे महिन्याला ३५ डॉलरच्या वर जात नाही. नव्या प्लॅनच्या पहिल्या ९० दिवसांत आधीपासून चालू असलेलं यादीबाहेरचं औषध एक महिन्यापुरतं द्यावं लागतं. या महिन्यात डॉक्टरकडून पर्याय किंवा अपवादाचा अर्ज झाला पाहिजे. नकाराविरुद्ध पहिल्या अपिलाला ६५ दिवस मिळतात.

पाहुणे म्हणून आलेल्या पालकांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुन्या आजाराची रोजची औषधं बहुधा बसत नाहीत, आणि भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या काउंटरवर चालत नाही. इथे बदलीचा कायदाही मदतीला येत नाही, कारण भारतातली कित्येक औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत. ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन इथे मिळत नाहीत. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी नाही, दोन्ही वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. म्हणजे इथल्या डॉक्टरने नवं औषध निवडून लिहायचं, साखर पुन्हा मोजायची. गोळ्यांच्या स्ट्रिपवरच्या ब्रँडचा फोटो दाखवण्यापेक्षा घटक आणि मिलिग्रॅम लिहिलेला कागद आणा. "ग्लायकोमेट जीपी १" यापेक्षा "मेटफॉर्मिन ५०० अधिक ग्लिमेपिराइड १" हे इथल्या डॉक्टरला लगेच समजतं.

इन्सुलिनसारख्या जैविक औषधांची यादी वेगळी आहे, तिला पर्पल बुक म्हणतात. बायोसिमिलर, म्हणजे जैविक औषधाशी अगदी मिळतंजुळतं औषध, असणं पुरेसं नाही, "इंटरचेंजेबल" अशी नोंद असेल तरच डॉक्टरला न विचारता बदलता येतं. अशी पहिली नोंद २८ जुलै २०२१ ला सेमग्ली या ग्लार्जिन इन्सुलिनला मिळाली, बंगळुरूच्या बायोकॉनने व्हायाट्रिससोबत आणलेलं. बहुतेक राज्यांत अशी बदली केल्यावर साधारण ५ दिवसांत डॉक्टरला कळवावं लागतं, सामायिक इलेक्ट्रॉनिक नोंदीत घातलं तरी चालतं. पेन बदललं की सुई बसवण्याची, डोस फिरवण्याची पद्धत थोडी बदलते. पहिल्या वेळी काउंटरवरच दाखवून मागा.

किमतीबद्दल विचारायला लाजू नका. को-पे ३० डॉलर आणि रोख किंमत १२, असं स्वस्त जेनेरिकमध्ये खरंच घडतं. पूर्वी करारातल्या कलमामुळे हे सांगायला फार्मासिस्टला मनाई असायची. ऑक्टोबर २०१८ च्या दोन केंद्रीय कायद्यांनी ती मनाई उठवली. रोख किंवा डिस्काउंट कार्डाने घेतलेलं औषध मात्र डिडक्टिबलमध्ये आपोआप धरलं जात नाही. वर्षभरात मोठा खर्च होणार असेल तर इन्शुरन्समधूनच घ्या, एखादं प्रतिजैविक असेल तर स्वस्त पडेल तसं.

भारतात दोन-तीन महिने जाणार असाल तर ७९ हा कोड हमखास आडवा येतो. निघायच्या किमान दोन आठवडे आधी डॉक्टरकडून ९० दिवसांची चिठ्ठी घ्या, फार्मसीला प्रवासाच्या तारखा द्या आणि व्हेकेशन ओव्हरराइड मागा. क्लेममध्ये त्यासाठी वेगळा कोड असतो, ३ हा. काही प्लॅन तो काउंटरवरूनच स्वीकारतात, काहींना फोन लागतो, आणि बरेच प्लॅन वर्षातून एकदाच देतात. एडीएचडीच्या गोळ्यांसारख्या शेड्यूल २ मधल्या, म्हणजे केंद्राच्या कडक नियंत्रणाखालच्या, औषधांना मात्र रिफिल कायद्यानेच नाही, आणि एका वेळी किती देता येईल यावर राज्य आणि प्लॅन दोघांच्याही मर्यादा असतात. त्यांची सोय डॉक्टरशी बोलून सर्वात आधी करा.